वाचनगटासाठी पुस्तकं सुचवा: प्रकार वेगवेगळे, प्रेमाचा धागा मात्र प्रत्येकात

गोदाकाठ (परभणी)

नऊ जणांचा वाचनगट सुरू करायलोत. वयं १९ ते ६८. पंधरा दिवसांतून एका रविवारी दोन तास, अशा सहा बैठका. निव्वळ प्रेमकथा नकोत. पोथी, इतिहास, युद्ध, कविता, गावाकडची कादंबरी असा दर वेळी निराळा प्रकार हवा. प्रेम त्यात असावं, पण सगळं पुस्तक त्याच्याच खांद्यावर नसावं.

अडचणी अशा की वाचनालयात बहुतेक पुस्तकांची एकेकच प्रत आहे, दोघा-तिघांना जुनी मराठी जड जाते आणि कॉलेजातली पोरं अन् आज्या एकाच खोलीत बसणार आहेत. कोणत्या क्रमानं घ्यावं, किती वाचावं, कुठं गाडी अडते, हे जाणकारांनी सांगावं. मराठवाड्याशी नातं असलेलं काही असेल तर फारच उत्तम.

जुनी पोथी (पैठण)

सुरुवात गाथासप्तशतीनं करा. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, हाल सातवाहन राजाच्या नावावरचा हा माहाराष्ट्री प्राकृतातला, म्हणजे मराठीच्या आधीच्या जुन्या भाषेतला संग्रह. सुमारे सातशे गाथा, प्रत्येक दोन ओळींची. स. आ. जोगळेकरांची मराठी अनुवादासह मोठी आवृत्ती आहे, ती जुन्या वाचनालयांत मिळते. एक प्रत पुरते, कारण घरी कुणी काही वाचून यायची गरजच नाही.

एका बैठकीला दहा-बारा गाथा घ्या, जास्त नको. पन्नास गाथा सलग वाचल्या की सगळ्या सारख्याच वाटायला लागतात, आणि पुस्तक तिथंच मिटतं. प्रत्येक गाथेला तीन प्रश्न विचारा: बोलतंय कोण? कुणाशी? आणि बाजूला उभं राहून ऐकतंय कोण? गाथेत हे बहुधा सांगितलेलं नसतं, ते आपण ओळखायचं. ओळखलं की अर्थ उलटतो.

नमुना म्हणून एक प्रसिद्ध गाथा सांगतो. एक बाई एका धार्मिक गृहस्थाला म्हणते, आता खुशाल हिंडा, तुम्हाला भेडसावणाऱ्या त्या कुत्र्याला गोदेकाठच्या जाळीतल्या सिंहानं आज मारलं. वरून धीर देणं, आतून धाक घालणं. ती जाळी तिची भेटीची जागा आहे आणि हा फुलं तोडायला तिकडं येत राहतो, म्हणून त्याला घालवायचंय. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाचं नाव ऐकून पुन्हा कशाला फिरकतो! नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं काव्यातला ध्वनी, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, समजावताना हीच गाथा घेतली. प्रेमाचा शब्दही नाही, आणि सगळी गाथा प्रेमाचीच. आज्यांसमोर कसं वाचायचं ही काळजी इथं पडत नाही, कारण आडपडदा गाथेनंच ठेवलाय. काही गाथा मात्र उघड शृंगाराच्या आहेत, त्या निवड करणाऱ्यानं आधी एकदा नजरेखालून घालाव्यात.

दुसऱ्या बैठकीला एकनाथांचं रुक्मिणीस्वयंवर. शके १४९३ (इ. स. १५७१) मध्ये काशीत पूर्ण झालं. १८ प्रसंग, १७१२ ओव्या. लग्न जमावं म्हणून पारायण करायची पोथी एवढीच तिची ओळख उरलीय, याचं वाईट वाटतं. खरं तर ती थरारकथा म्हणून वाचावी. मूळ भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणीचं पत्र सात श्लोकांचं. त्यात नुसती आर्जवं नाहीत, पुरता बेत आहे: लग्नाच्या आदल्या दिवशी नगराबाहेरच्या अंबिकेच्या दर्शनाला आमच्या घरची रीत म्हणून मला नेतात, तिथं या, म्हणजे अंतःपुरात शिरून माझ्या भावाबंदांना मारावं लागणार नाही. इतकं विचारी प्रेमपत्र दुसरं दाखवा.

प्रत पोथीच्या दुकानात स्वस्तात मिळते. एका प्रसंगात सरासरी पंचाण्णव ओव्या येतात. मोठ्यानं वाचायला वीस-पंचवीस मिनिटं धरा. पत्र, रुक्मिणीचं हरण, आणि तिचा भाऊ रुक्मी याची फजिती एवढेच प्रसंग बैठकीत वाचा. लग्नसोहळा ज्याला हवा त्यानं घरी. वाचताना हमखास चुकतं ते ओवीच्या चालीत: पहिल्या तीन चरणांना यमक असतं, चौथा मोकळा असतो. नवखे चौथ्यालाही यमकाचा झोका द्यायला बघतात आणि अर्थ तुटतो. तिसऱ्यावर थांबा, चौथा बोलल्यासारखा म्हणा.

सातमाळा (छत्रपती संभाजीनगर)

पोथीवाल्या दादांशी सहमत, पण महानुभाव कवी नरेंद्राला वगळू नका. त्याचं रुक्मिणीस्वयंवर एकनाथांच्या जवळपास पावणेतीनशे वर्षं आधीचं, शके १२१४ चं, देवगिरीच्या रामदेवरावांच्या काळातलं. महानुभाव परंपरा सांगते की ग्रंथावर आपलं नाव घालावं म्हणून राजानं ओवीमागं सोन्याचं नाणं देऊ केलं, आणि कविकुळाला बोल लागेल म्हणून नरेंद्रानं नकार दिला. भाषा जड आहे हे खरं. म्हणून सगळा ग्रंथ नको. शब्दार्थ असलेली आवृत्ती घेऊन रुक्मिणीच्या विरहाच्या वीस-पंचवीस ओव्याच घ्या, एकनाथांच्याच बैठकीत, शेजारीशेजारी. एकनाथ जीव-शिवाच्या भेटीकडं नेतात, नरेंद्र त्या मुलीच्या तगमगीपाशी थांबतो. कथा एकच, पण दोघांचा सूर केवढा वेगळा.

कवितेसाठी ना. धों. महानोरांचं ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य घ्या. महानोर अजिंठ्याच्या डोंगरालगतच्या पळसखेड्याचे, तेव्हा रान, पाऊस, पायवाट सगळं जवळून पाहिलेलं. विषय इंग्रज अधिकारी मेजर रॉबर्ट गिल आणि त्याची प्रेयसी पारू. गिल १८४४ मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करायला आला आणि कित्येक वर्षं त्यातच राहिला. त्याच्या बहुतेक मोठ्या प्रती लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत गेल्या. अजिंठा गावात पारूची कबर आहे, तिच्यावर २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख.

हे काव्य एका बैठकीत, आळीपाळीनं, मोठ्यानं वाचा. नंतर कागदाचे दोन रकाने करा. एकात जे दगडावर, दप्तरात सापडतं ते, दुसऱ्यात जे कवीनं उभं केलं ते. पहिला रकाना चार-पाच ओळींत संपतो. पारू कशी बोलत असेल, काय गात असेल, हे सारं दुसऱ्यात जातं. हे न करता वाचलं तर लोक काव्यालाच इतिहास समजतात आणि चर्चा ‘असं खरंच घडलं का’ यातच अडकते. याच कथेवरचा सिनेमा आधी बघू नका, नाहीतर पारूचा चेहरा आधीच ठरून जातो.

ग्रंथपाल (लातूर)

इतिहासासाठी रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२). थोरले माधवराव पेशवे आणि त्यांच्या पत्नी रमाबाई. प्रेम थोडंच आहे, दरबार आणि मोहिमांच्या फटींतून दिसतं, म्हणूनच ते तुमच्या अटीत बसतं. निजामाशी राक्षसभुवनची लढाई आपल्या बीड जिल्ह्यात गोदेकाठी झाली, १० ऑगस्ट १७६३ ला. तेव्हा माधवराव अवघे अठरा वर्षांचे. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला राजयक्ष्म्यानं, म्हणजे क्षयानं गेले.

नवे वाचक इथं माणसांच्या गर्दीत हरवतात. पहिल्याच दिवशी अर्ध्या पानाचा तक्ता वाटा: राघोबादादा, गोपिकाबाई, सखारामबापू, रामशास्त्री, नाना फडणीस, जानोजी भोसले, निजाम अली, कोण कुणाचा आणि कुठल्या बाजूचा. मोठी कादंबरी आहे, एका महिन्याची मुदत द्या. रमाबाईंच्या सती जाण्यावर बोलणं टाळू नका. माझं मत स्पष्ट आहे: ते प्रेमाचं मोजमाप म्हणून वाचू नये. तरुण मुली गटात असतील तर त्यांना आधी बोलू द्या.

युद्धासाठी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९). युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर हा मराठी तरुण आणि हेर्टा ही जर्मन ज्यू तरुणी भेटतात. लहान कादंबरी, तीन-चार संध्याकाळी पुरतात. त्याआधी दहा मिनिटं हिटलरच्या जर्मनीतल्या ज्यूंच्या हालांवर बोला. ते ठाऊक नसेल तर हेर्टाची घाई वाचकाला उथळपणा वाटते, आणि तसं झालं की पुस्तक वाया गेलं. शेवट कुणी आधी फोडू नये.

कॉलेजातल्या पोरांसाठी मिलिंद बोकीलांची ‘शाळा’. नववीतलं प्रेम, मागं आणीबाणी. ही आपसूक वाचली जाते, फार तयारी नको.

एकच प्रत असेल तर क्रमानं फिरवू नका. नऊ जणांत नववा कधीच पोचत नाही. तालुक्याच्या आणि कॉलेजच्या वाचनालयांतून तीन प्रती जमवा, तिघातिघांच्या तुकड्या करा, प्रत्येक तुकडीला प्रत आठ दिवस. पुस्तक कुणाकडं आहे ते वहीत लिहा. प्रताधिकार असलेल्या पुस्तकांच्या झेरॉक्स मात्र काढू नका.

गोदाकाठ (परभणी)

फार मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. गाथा, दोन्ही स्वयंवरं, अजिंठा, स्वामी, रणांगण ठरवतो. म्हणजे पाच बैठका झाल्या. सहावी गावाकडच्या कादंबरीसाठी ठेवली होती, त्याचं काय करावं? ‘शाळा’ पोरं आपली आपण वाचतील.

बांधावरची बाभळ (धाराशिव)

रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ (१९७१) घ्या, ताई किंवा दादा जे असाल ते. शिंप्याच्या घरातली बाई स्वतःच्या तोंडानं सगळं सांगते, आपल्याच बोलीत. प्रेम हा शब्द शोधाल तर हाती लागणार नाही. नवऱ्याबद्दलच्या काळजीत, घर टिकवायच्या धडपडीत ते बघावं लागतं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला बोली अडते, परभणीकरांना नाही अडणार. पण डोळ्यांनी वाचू नका, ज्या आजींच्या तोंडी अजून जुनी बोली आहे त्यांनाच पहिली पानं वाचायला द्या. पोरं ऐकत बसतील.

क्रमात एक बदल सुचवतो. ‘पाचोळा’ आणि ‘रणांगण’ लागोपाठ ठेवू नका, दोन्ही काळजाला लागतात. मध्ये ‘अजिंठा’ टाका. आणि ‘स्वामी’च्या बैठकीआधी एखादा रविवार मोकळा मिळाला तर राक्षसभुवनला गोदेकाठी जाऊन या, पुस्तक सोबत घेऊन.