गाभण भटक्या मांजरीच्या डोळ्यांतून पू येतो आहे, काय करावे?

प्रश्न
परळ येथील आमच्या चाळीच्या जिन्याखाली महिनाभर एक भटकी मांजरी राहते आहे. तिचे पोट दोन्ही बाजूंनी फुगले असून सड गुलाबी झाले आहेत, त्यामुळे ती गाभण आहे यात शंका नाही. मात्र चार दिवसांपासून ती सतत शिंकते, डोळे पिवळ्या चिकट स्रावाने भरतात आणि काल सकाळपासून तिने मासळीलाही तोंड लावलेले नाही. शेजारच्या काकू तापाची गोळी दुधातून देण्यास सांगतात. द्यावी का?

प्रतिसाद १
गोळी मुळीच देऊ नये. तापाच्या गोळीतले पॅरासिटामॉल पचवून निरुपद्रवी करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार तोकडी असते, त्यामुळे माणसाच्या एका गोळीनेही त्याचा जीव जाऊ शकतो. दूधही नको, त्याने जुलाब होतात. शिंका आणि डोळ्यांची घाण ही लक्षणे बहुधा हर्पीस किंवा कॅलिसी विषाणूंची, कधी क्लॅमिडिया या जिवाणूची असतात. नाक चोंदले की वास येत नाही, आणि वास आला नाही की मांजर अन्नाकडे पाहतही नाही. म्हणून मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेली कोंबडी कोमट करून ठेवावी. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून डोळे पुसावेत. प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्यावा. तरीही आज खाल्ले नाही, तर उद्याची वाट पाहू नये. बाई साकरबाई दिनशॉ पेटीट प्राणी रुग्णालय तुमच्या परळमध्येच आहे.

प्रतिसाद २
डॉक्टरांना ती गाभण असल्याचे आधी सांगावे, कारण क्लॅमिडियावर एरवी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक ज्या गटातले आहे, तो गट पोटातील पिलांच्या हाडांना व दातांना बाधू शकतो. जिवंत विषाणूंची लसही या अवस्थेत टाळतात. पकडताना जाड टॉवेल वापरावा. चावली किंवा ओरखडली, तर जखम साबणाने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जावे.

प्रतिसाद ३
गाभण असतानाही नसबंदी करता येते, मग आताच का उरकू नये?

प्रतिसाद २ (पुन्हा)
चोंदलेल्या नाकाने भूल देणे धोक्याचे आहे. दिवस भरत आले असतील, तर वीण होऊ द्यावी; साधारण 63 ते 65 दिवसांत ती व्यायला हवी. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिलू बाहेर आले नाही किंवा दुर्गंधीयुक्त स्राव दिसला, तर तो तातडीचा प्रसंग समजावा. नसबंदी मात्र विसरू नये, कारण पिले अंगावर पीत असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहू शकते.

प्रश्नकर्ता
काल सायंकाळी तिला टोपलीतून नेले. ताप होता, फुप्फुसे मात्र स्वच्छ आहेत. गाभणपणात चालणारे औषध मिळाले आहे. सोनोग्राफीत तीन पिलांची हृदये चालू दिसली. रात्री तिने कोमट कोंबडी खाल्ली. काकूंनी जिन्याखाली स्वतःच्या जुन्या लुगड्याची घडी घालून खोके ठेवले आहे.