पाण्यातील सफरींमध्ये पडदा हवा की हलते पुतळे?

सागरवेल (चर्चा प्रस्ताव)

मनोरंजन उद्यानांतील बोटीच्या सफरींमध्ये गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोठमोठे पडदे येऊ लागले आहेत. याबाबत माझे मत स्पष्ट आहे. बोटीच्या सफरीतील मुख्य प्रसंग हलत्या पुतळ्यांनीच उभा केला पाहिजे, आणि पडद्याने फार तर मागचे आकाश, दूरचा समुद्र किंवा वादळ दाखवावे.

या प्रकारातील आदर्श म्हणजे कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडची ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही सफर. ती १८ मार्च १९६७ रोजी सुरू झाली. वॉल्ट डिस्ने यांनी तिच्या आखणीत जातीने लक्ष घातले होते, पण ती सुरू होण्याच्या तीन महिने आधीच त्यांचे निधन झाले. त्या सफरीत एका छोट्या पुलावर एक समुद्री चाचा पाय खाली सोडून बसलेला आहे आणि बोट त्याच पुलाखालून जाते. दुरून तो नुसता एक दारुडा दिसतो. जवळ गेल्यावर मळलेला तळवा आणि पोटरीवरचे केस दिसू लागतात, आणि मग तो पाय आपल्या डोक्यावरून मागे सरकतो. पुढच्या रांगेतील माणसाला तो आधी दिसतो, मागच्याला नंतर, डावीकडच्याला एका बाजूने आणि उजवीकडच्याला दुसऱ्या. प्रत्येकाला आपापल्या जागेवरून खरे दिसणारे दृश्य मिळते, कारण ती वस्तू खरोखरच तेथे आहे.

पडद्यावरचे चित्र मात्र डोळ्याची एकच जागा गृहीत धरून काढलेले असते. त्या जागेपासून जो जितका लांब बसला असेल, त्याला चित्रातील खोलपणा तितका वाकडा दिसतो. स्थिर आसनांच्या चित्रपटगृहात हे चालून जाते, पण वीस माणसे घेऊन सतत सरकणाऱ्या बोटीत ते चालत नाही. शिवाय पुतळ्याचे प्रतिबिंब आपण ज्या पाण्यावर तरंगत असतो त्याच पाण्यात पडते. त्यामुळे तो आणि आपण एकाच जागेत आहोत, हे मनाला वेगळे सांगावे लागत नाही.

प्रकाशरेषा

आपला मुद्दा १९६७ च्या सफरीपुरता मान्य आहे, परंतु तीच मोजपट्टी आजच्या सफरींना लावणे मला योग्य वाटत नाही.

त्या जुन्या सफरीत पुतळे काय करतात, ते नीट पाहावे. तुरुंगातील कैदी तोंडात किल्ल्या धरून बसलेल्या कुत्र्याला हाडाचे आमिष दाखवत असतात, आणि ते दिवसभर तेच करत राहतात. एकामागून एक बोटी येत असल्यामुळे प्रत्येक पुतळ्याला काही सेकंदांच्या त्याच त्या हालचाली पुन:पुन्हा कराव्या लागतात. अशा मांडणीतून प्रसंग दिसतो, पण कथा पुढे सरकत नाही.

शांघायच्या डिस्नेलँडमध्ये २०१६ साली हीच कल्पना नव्याने मांडली गेली. तेथे बोटी प्रवाहावर सोडून दिलेल्या नसून पाण्याखालच्या चुंबकीय यंत्रणेने चालवल्या जातात. त्या आडव्या होतात, गिरकी घेतात, मागेही जातात. बोट कोणत्या क्षणी कोठे असेल आणि तिचे तोंड कोणीकडे असेल हे ठरलेले असल्यामुळे प्रचंड पडद्यावरचे दृश्य तिच्या हालचालीशी जुळवता येते. आपण समुद्रतळाशी जातो आणि पुढे दोन जहाजांच्या तोफांच्या माऱ्यात सापडतो. बोट आणि पडद्यावरचा समुद्र एकाच वेळी वळले की आपण खरोखर वळलो की समुद्र वळला हे पोटालाही कळत नाही. हा अनुभव लाकूड, रबर आणि मोटारी यांतून कसा उभा करणार?

आणि पुतळ्यांची पाण्याशी मैत्री नाही, हेही विसरू नये. फ्लोरिडातील युनिव्हर्सल उद्यानात १९९० साली सुरू झालेली ‘जॉज’ या शार्कच्या चित्रपटावरची बोटसफर यांत्रिक शार्क वारंवार बिघडल्यामुळे लवकरच बंद करावी लागली आणि नव्याने बांधून १९९३ मध्ये पुन्हा सुरू झाली.

सागरवेल

ती सफर त्यानंतर जानेवारी २०१२ पर्यंत चालली, आणि ओसाकाच्या उद्यानातील तिची बहीण अजून चालू आहे. म्हणजे पाण्यातून उसळणारा शार्क अवघड आहे एवढेच सिद्ध होते. तो अशक्य ठरत नाही.

शांघायचे उदाहरण आपण दिलेत ते बरे झाले. त्याच सफरीत जॅक स्पॅरो आणि डेव्ही जोन्स ही कथेतील दोन मुख्य पात्रे समोरासमोर येतात, तेव्हा ते दोघेही पुतळे आहेत. फ्लोरिडातील ‘नावी रिव्हर जर्नी’ ही ‘अवतार’ चित्रपटावरची बोटसफर २०१७ मध्ये आली. तिच्यात पानांच्या जाळीमागे ठिकठिकाणी पडदे आहेत, परंतु शेवटी गाणारी शामान (जमातीची मांत्रिक) मात्र प्रत्यक्ष घडवलेली आहे आणि तिच्या बोटांची हालचाल अतिशय तरल आहे. ज्यांच्या हाताशी उत्तमातले उत्तम पडदे आहेत, तेच लोक पात्राला प्रवाशाच्या समोर आणायची वेळ आली की पुतळा घडवतात. माझे म्हणणे यापेक्षा वेगळे नाही.

पश्चिमकिनारा

मी कॅलिफोर्नियात राहतो. गेल्या वर्षी आई पुण्याहून आली होती, तेव्हा तिला आणि आमच्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आम्ही अशा तीन-चार सफरी केल्या. त्यांपैकी एकीत (उद्यानाचे नाव येथे महत्त्वाचे नाही) बोट दोन्ही बाजूंच्या पडद्यांमधून जाते. आम्ही सर्वांत मागच्या रांगेत अगदी कडेला होतो. आमच्या शेजारचा पडदा इतका तिरपा दिसत होता की त्यावरचा जलचर पोहत नसून ताणला जात आहे असे वाटे. मुलगी थोडा वेळ बघत राहिली आणि मग पाण्यात हात घालून खेळू लागली.

उलट चाच्यांच्या सफरीत पुलावरचा तो पाय आला, तेव्हा आईने मान वर केली आणि मला हलवून म्हणाली, “अरे, त्याच्या पायाला केस आहेत की!” मुलीने लगेच हात उंच केला. हात तेथवर पोचणार नव्हताच, पण तिला तो पोचेल असे वाटले, आणि माझ्या मते फरक आहे तो एवढाच. चार महिने झाले, आई अजून फोनवर त्या पायाची चौकशी करते.

कळसूत्र

मी बावीस वर्षे पुण्यात गणेशोत्सवातील हलत्या देखाव्यांची यांत्रिक कामे केली आहेत. आमचे काम या उद्यानांच्या तुलनेत फारच लहान आहे. मोटारगाडीची वायपर मोटर, सायकलची चेन आणि लोखंडी पट्टीचे दांडे यांवरच आम्ही अफजलखानाचा वध उभा केलेला आहे. पण पुतळा, पाणी आणि गर्दी एकत्र आली की काय होते ते मी हाताने अनुभवले आहे.

एका वर्षी नावाड्याचा देखावा होता. नावेखाली पत्र्याच्या उथळ टाकीत पाणी भरले होते. पाचव्या दिवशी नावाड्याच्या खांद्याची पिन गंजून जाम झाली आणि वल्हे निम्म्यावर येऊन थरथरू लागले. रात्री दोन वाजता, शेवटची रांग संपल्यावर, खांदा उघडून पिन घासून, ग्रीस भरून पुन्हा बसवली. पुढे विसर्जनापर्यंत रोज रात्री तेच करावे लागले. त्यामुळे प्रकाशरेषा यांचा देखभालीचा मुद्दा मला मनापासून पटतो. रात्री पाना घेऊन बसणारा माणूस ज्या मालकाला परवडत नाही, त्याने पुतळे घेऊ नयेत. अर्धवट हलणारा पुतळा पाहणे फार क्लेशदायक असते.

तरीही दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की, वल्हे अडकले तरी नावाडी नावेत उभा होता आणि लोक हात जोडून पुढे जात होते. शेजारच्या चौकातला भाड्याचा एलईडी पडदा एका संध्याकाळी बंद पडला, तेव्हा तेथे काळ्या भिंतीखेरीज काहीच उरले नाही. दुसरी गोष्ट उजेडाची आहे. प्रोजेक्टरला अंधार लागतो. भर उन्हातल्या पाटात, धबधब्याच्या तुषारांत त्याचे चित्र पांढुरके होऊन जाते. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल उद्यानात १९९६ साली डायनोसॉरांची जी सफर सुरू झाली, तिचा पूर्वार्ध उघड्या आकाशाखाली होता आणि त्यातील प्राणी घडवलेलेच होते. २०१९ मध्ये तिचे रूपांतर झाले, तेव्हाही मोसासॉरस या प्रचंड जलचराचे पडदे बंदिस्त जागेतच बसवावे लागले. आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकामध्ये ‘राजासोरस’ ही डायनोसॉरांची बोटसफर आहे. घाटाच्या पायथ्याशी, मुसळधार पावसाच्या पट्ट्यात असे काही चालवणाऱ्या तंत्रज्ञांबद्दल मला फार आदर वाटतो.

प्रकाशरेषा

कळसूत्र यांच्या प्रतिसादामुळे मला माझ्या मताचा एक भाग बदलावा लागत आहे. उघड्यावरच्या सफरीत पडदा निरुपयोगी आहे, हे मान्य. मात्र देखभालीच्या बाबतीत पडदा सोपा आहे, असे मी अजूनही म्हणेन. लेझर प्रोजेक्टरचा प्रकाशस्रोत सुमारे २०,००० तास टिकतो. रोज बारा तास धरले तरी साडेचार वर्षे होतात. तेवढ्या काळात पुतळ्याच्या किती पिना घासाव्या लागतील, हे त्यांनीच सांगावे.

चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र मी माझी बाजू सोडतो. फ्लोरिडातील ‘फ्रोझन’ चित्रपटावरच्या बोटसफरीत २०१६ साली पुतळ्यांना आतून प्रोजेक्टरने उमटवलेले चेहरे दिले गेले. अंधारात ते चेहरे दिव्यासारखे उजळत आणि अंगापासून वेगळे वाटत. हाँगकाँगमध्ये २०२३ साली तीच सफर उभारताना खरे, हलणारे चेहरे बसवले गेले, आणि दोन्हींची चित्रफीत शेजारी ठेवून पाहिली तर वाद उरत नाही.

परंतु बुडणारे जहाज? तोफांची लढाई? त्याचे उत्तर सागरवेल यांनी अजून दिलेले नाही.

सागरवेल

देते. जहाज पडद्यावर असू द्यावे, कारण ते पन्नास हातांवर आहे आणि तेवढ्या अंतरावर पुढच्या-मागच्या रांगेचा फरक डोळ्याला जाणवत नाही. पण त्याची तुटलेली डोलकाठी बोटीवर झुकणार असेल, तर ती लाकडाची असावी, ओली असावी आणि तिच्या दोरांवरून आमच्या मांडीवर पाणी ठिबकावे.

जर्मनीतील युरोपा पार्कमध्ये ‘पायरेट्स इन बटाव्हिया’ ही १९८७ ची बोटसफर मे २०१८ च्या आगीत जळून गेली. त्या वेळी सगळे नव्याने बांधायचे असल्याने पडद्यांकडे वळणे सहज शक्य होते. जुलै २०२० मध्ये ती परत उघडली, तेव्हा बोटींच्या दोन्ही काठांवर पुन्हा पुतळेच उभे होते.