मदत हवी आहे: लेक्चर की टीबीएल, तुलना नीट कशी करावी?

नमस्कार. एमबीबीएस प्रथम वर्ष, फिजिऑलॉजी, 150 विद्यार्थी. लेक्चर आणि टीम बेस्ड लर्निंग, म्हणजे टीबीएल, यांची तुलना करायची आहे. सम-विषम रोल नंबरने दोन बॅच. पहिल्या आठवड्यात ऑक्सिजन वहन: अ बॅचला टीबीएल, ब बॅचला लेक्चर. दुसऱ्या आठवड्यात कार्बन डायऑक्साइड वहन, अदलाबदल करून. आधी आणि नंतर 20 एमसीक्यू. एथिक्स कमिटीकडे पाठवण्याआधी यातल्या चुका सांगाल का?

प्रतिसाद 1
अदलाबदल ठेवलीत हे उत्तम, कुणीच एका पद्धतीला मुकत नाही. पण विषयांची जोडी बदला. हाल्डेन परिणाम (हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की रक्त जास्त कार्बन डायऑक्साइड वाहून नेतं) कळायला हिमोग्लोबिन आधी पक्कं लागतं, त्यामुळे पहिल्या आठवड्याचा फायदा दुसऱ्यात झिरपेल. दुसरा विषय मूत्रपिंडातली, लघवी घट्ट करणारी काउंटरकरंट यंत्रणा घ्या.

खरी मेख पुढे आहे. टीबीएलवाले घरून वाचून येतात, 10 प्रश्न एकट्याने सोडवतात, तेच पुन्हा 5 ते 7 जणांच्या गटात, मग केस. म्हणजे पोस्ट-टेस्टआधी दोनदा सराव झालेला, आणि लेक्चरवाले कोरे. फरक दिसला तरी तो गटचर्चेचा की नुसत्या सरावाचा, हे कळणारच नाही. म्हणून लेक्चरच्या बॅचलाही तेच वाचन द्या, शेवटी तेच 10 प्रश्न उत्तरांसकट घ्या आणि केस शिक्षकांनी फळ्यावर सोडवून दाखवावी. मिनिटं दोन्हीकडे सारखी. पोस्ट-टेस्टमध्ये यातला एकही प्रश्न नको.

प्रतिसाद 2
सगळ्यात जास्त मेहनत प्रश्नांवर घ्या. ‘पी-50 (ज्या ऑक्सिजन दाबाला हिमोग्लोबिन निम्मं भरतं तो दाब) किती?’ याचं उत्तर, साधारण 27 मिमी पारा, दोन्ही बॅच पाठ करून येतात. त्याऐवजी असं विचारा: बंद खोलीत कोळशाच्या शेगडीजवळ बेशुद्ध सापडलेली बाई, पल्स ऑक्सिमीटर 98 टक्के दाखवतोय, तर ऑक्सिजन-हिमोग्लोबिनचा वक्र कुठे सरकला? इथे कार्बोक्सीहिमोग्लोबिन (कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन), ऑक्सिमीटरची फसगत आणि वक्राचं डावीकडे सरकणं, तिन्ही जोडावं लागतं. 20 पैकी निदान 12 प्रश्न असे हवेत. आधीच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर चालवून पाहा. डिफिकल्टी इंडेक्स (किती जणांचं उत्तर बरोबर आलं) 30 ते 70 टक्के आणि डिस्क्रिमिनेशन इंडेक्स (प्रश्न हुशार आणि कच्च्या विद्यार्थ्यांत किती फरक करतो) 0.2 च्या वर असेल तेच ठेवा.

सम-विषम नको. पहिल्या इंटर्नल परीक्षेच्या गुणांवरून तीन थर करा आणि प्रत्येक थरात चिठ्ठ्या टाका. ‘किती टक्के सुधारणा’ हेही मोजू नका, प्री-टेस्टला कमी गुण असले की ती टक्केवारी उगाच फुगते. एकाच विद्यार्थ्याचे दोन स्कोअर आहेत, तेव्हा प्री-टेस्टचे गुण को-व्हेरिएट (हिशोबात धरायचा जोडघटक) धरून मिक्स्ड मॉडेल (एकाच व्यक्तीची अनेक मोजमापं सांभाळणारी सांख्यिकी पद्धत) लावा.

धागाकर्ता
मनापासून आभार. नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतील, त्याचं काय? आणि शिक्षक एक की दोन?

प्रतिसाद 1
नोट्स फिरणारच. दोन्ही सत्रं एकाच वेळी दोन हॉलमध्ये घ्या आणि सत्र संपताच, कुणालाही बाहेर न सोडता, पोस्ट-टेस्ट. त्यामुळे शिक्षक दोन लागतील. प्रत्येकाने दोन्ही आठवडे आपल्याच बॅचला शिकवावं, म्हणजे दोघांच्याही वाट्याला दोन्ही पद्धती येतात. सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी जरूर घ्या, पण तोवर नोट्स मिसळलेल्या असतात, मुख्य निष्कर्ष तिच्यावर टेकवू नका. आणि हे गुण इंटर्नलमध्ये धरले जाणार नाहीत, हे संमतीपत्रात ठळक लिहा.