मदत हवी आहे: पीजीए, डीजीए की सॅग?

ऑस्करच्या ‘बेस्ट पिक्चर’वर ग्रुपमध्ये पैज लागलीय. पीजीए (निर्मात्यांच्या गिल्डचा, म्हणजे संघटनेचा पुरस्कार) एका सिनेमाला आणि डीजीए (दिग्दर्शकांच्या गिल्डचा) दुसऱ्याला, असं झालं तर कुणाच्या मागे जायचं? पीजीएची मतमोजणी ऑस्करसारखीच पसंतीक्रमाने होते: तळाचा सिनेमा बाद, त्याची मतं पुढच्या पसंतीकडे. म्हणून माझा कल तिकडे. २०२२ ला पीजीए मिळालेला ‘कोडा’ ऑस्कर जिंकलाही, दिग्दर्शन-संकलनाची नामांकनं नसताना! पण २०२० ला दोन्ही गिल्ड ‘१९१७’कडे आणि ऑस्कर ‘पॅरासाइट’ला. ‘कोडा’ आणि ‘पॅरासाइट’ या दोन्ही विजेत्यांकडे सॅगचा (अभिनेत्यांच्या गिल्डचा) कलाकारसंचाचा पुरस्कार होता. २०१६ च्या ‘स्पॉटलाइट’कडेही. मात्र २०१७ ते २०१९ तिन्ही वर्षं सॅग सपशेल हुकलं. सट्ट्याचे भाव नकोत, ते पाहून झालेत. आवडता सिनेमाही विचारत नाहीये. गिल्ड्स फुटल्यावर सॅगला नेमकं किती वजन द्यायचं?