टाळेबंदीत घरच्या तांदळाने वारली : पांढरा झडतो, गेरू उखडतो

काडीरेघ (एप्रिल २०२०)
दुकानं बंद, पोस्टर कलर नाहीत. कुरिअरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर गेरू लावून, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून काडीने वारली काढतोय. वाळल्यावर पांढरा बोटाला पुसून येतो. रेघ ओढताना खालचा गेरू मिसळून गुलाबी होते. पुठ्ठाही वाकतो. दिवसभर बातम्या ऐकून हात थरथरतो, एक माणूस धड निघत नाही. मन थाऱ्यावर यावं म्हणून बसायचं, तर चिडचिडच होते. काय चुकतंय?

डिंकवाटी
तुमच्या रंगात धरून ठेवणारं काहीच नाही. कच्च्या तांदळाचं पीठ गार पाण्यात चिकट होत नाही, पाणी उडालं की नुसती भुकटी उरते. लाडवांसाठी आणलेला बाभळीचा डिंक घरात असेल तर तो कुटून १ चमचा, ४ चमचे कोमट पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी गाळा.

पीठही विकतचं नको, ते भरड असतं आणि तळाला बसतं. पाव वाटी तांदूळ ५-६ तास भिजवून गंधासारखे वाटा, फडक्यातून गाळा. त्या वाटणाच्या २ मोठ्या चमच्यांना डिंकाचं पाणी १ लहान चमचा. डिंक जास्त झाला तर रेघ चकाकते आणि तडकून पापुद्रे निघतात. उन्हाळ्यात हे वाटण दुसऱ्या दिवशी आंबतं, तेव्हा रोज थोडंच करा.

गेरूतही डिंक हवाच : २ चमचे गेरू, १ चमचा डिंकाचं पाणी, ३ चमचे साधं पाणी. तीन-चार तास पूर्ण वाळू द्या. मग पांढरी रेघ एका ओढीत. तीच जागा पुन्हा घासली की गेरू सुटणारच. पुठ्ठा वाकतो कारण ओल एकाच बाजूने लागते, मागच्या बाजूलाही एक हात द्या. खरं तर खोक्याचा पुठ्ठा मुळातच तपकिरी असतो, गेरू नाही लावला तरी चालतं.

तारपा_फेर
हाताबद्दल. माणसापासून सुरुवात करू नका. अस्वस्थ वेळ आणि शांत वेळ अशी कामं वाटून घ्या. मन सैरभैर असेल तेव्हा झाडाची पानं, भाताची रोपं, कुंपणाच्या आडव्या रेघा. शेकडो ठिपके आणि बारक्या रेघा, त्यात एखादी वाकडी गेली तरी शेत शेतच दिसतं. श्वास सोडताना रेघ ओढायची, कोपर टेबलावर टेकलेलं, काडी टोकाजवळ धरलेली. वीस मिनिटं पुरे.

हात बसला की माणूस : टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वरचा थोडा मोठा, वर वर्तुळाचं डोकं. साध्या कागदाएवढ्या पुठ्ठ्यावर उंची अडीच सेंटीमीटर ठेवा, याहून लहान केला तर हातपाय जाड काडीत बुजतात. तारप्याच्या (फुंकून वाजवायच्या वाद्याच्या) तालावरच्या फेराच्या नाचासाठी पेन्सिलीने आतून बाहेर वळत जाणारी पुसट रेघ काढा, मधोमध तारपावाला, आणि नाचणाऱ्यांचे पाय त्या रेघेवर. दोन वळशांत माणसाच्या दीडपट उंचीची जागा सोडा, नाहीतर एका वळशातली डोकी दुसऱ्या वळशातल्या पायांत अडकतात.

एक विनंती. लग्नात भिंतीवर काढायची चौकट म्हणजे देवचौक आणि त्यातली पालघाट देवी हा विधीचा भाग आहे, सुवासिनींनी काढायचा. करमणुकीसाठी तो नको असं माझं स्पष्ट मत आहे. शेतं, मासेमारी, तारपा असे विषय भरपूर आहेत. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात रोजच्या जगण्याची चित्रं काढायला घेतली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाची छायाचित्रं नीट न्याहाळा, मासेमारीच्या जाळ्याच्या रेघा किती संथ आहेत ते कळेल.

काडीरेघ
डिंकाने झडणं थांबलं. पण रंग आता फिका दिसतो, दुसरा हात देऊ का?

डिंकवाटी
थांबा. ओला असताना तांदळाचा रंग जवळजवळ पारदर्शक दिसतो, पांढरेपणा वाळल्यावर चढतो. अर्धा तास गेला तरी खालचं दिसत असेल तरच वाटण दाट करून त्याच रेघेवर अलगद फिरवा.

हीर
काडीचंही सांगतो. बांबूची काडी चावून कुंचला करायची पद्धत आहे, पण घरात दोघं-तिघं वापरणार असाल तर साथीच्या दिवसांत दातांचं काम नको. टोक रात्रभर भिजवून बत्त्याने हलकं ठेचा, तंतू सुटतात. बारक्या रेघांना खराट्याचा हीर, ठिपक्यांना आगपेटीची काडी उलटी. डिंक नसेल तर त्याच मापाच्या वाटणात अर्धा लहान चमचा फेव्हिकॉल चालतो, मात्र काड्या लगेच धुवा. वाळलेलं चित्र पावसाळ्यापूर्वी भिंतीपासून थोडं दूर टांगा. तांदळाला ओलीत बुरशी येते.