स्मरणसंध्येला मशिदीत कीर्तन असावं का?

रोह्याची लेक:
२७ जानेवारी १९४५ ला आउशवित्झची छावणी, जिथे नाझींनी लाखो ज्यूंना मारलं, मोकळी झाली. येत्या जानेवारीत त्या दिवशी आमच्या मशिदीत स्मरणसंध्या ठरते आहे (आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, सिनेगॉगला, आमच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणतो). दिवे, प्रार्थना, मग गावातले बुवा, मौलवी आणि फादर यांच्याशी बोलणं, आणि शेवटी योसेफाच्या कथेचं मराठी कीर्तन. त्याची वही आजोबांच्या ट्रंकेत सापडली. साक्या, दिंड्या, ओव्या, मधे निरूपण. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या लोकांनी ही कीर्तनं सुरू केली. साचा शेजारच्या हरिकीर्तनाचा, कथा अब्राहामाची, मोशेची. हिब्रू न कळणाऱ्या बायाबापड्यांना तोरा, आपला धर्मग्रंथ, अशी मराठीतून कळली. कमिटीतले काहीजण म्हणतात, मशिदीत पेटी-तबला नको. मी म्हणते, हवा.

तेफिला:
माझा विरोध आहे आणि तो हट्टापायी नाही. इसवी सन ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पडलं, त्या दुःखापायी आपण प्रार्थनेतली वाद्यं सोडली. शिवाय आउशवित्झला गेलेल्यांचा या कीर्तनाशी काय संबंध? त्यांच्या स्मरणाला त्यांचंच संगीत हवं. तेरेझिनच्या नाझी छावणीत हान्स क्रासा या ज्यू संगीतकाराचा मुलांचा ऑपेरा ‘ब्रुंडिबार’ ५५ वेळा झाला. ऑक्टोबर १९४४ मध्ये क्रासाला आउशवित्झला नेऊन मारलं. ते ऐकवा. आपली वही सापडली म्हणून ती त्यांच्या दिवसाला जोडायची, हे मला पटत नाही.

पेटीवाला:
मी ज्यू नाही, साथ करतो. वाद्यांचा हा वाद जुनाच आहे. बर्लिनच्या ओरानिएनबुर्गर रस्त्यावरच्या सिनेगॉगमध्ये १८६६ मध्ये ऑर्गन आला. तिथले संगीतकार लेवांडोव्स्की यांच्या रचना तिथे त्याच्या साथीने गायल्या गेल्या आणि सनातनी मंडळींना ते कधीच रुचलं नाही. बाहेरच्या चालींचं म्हणाल तर सोळाव्या शतकात इस्राएल नजारा या ज्यू कवींनी तुर्की आणि अरबी गाण्यांच्या चालींवर हिब्रू गीतं रचली. त्यांचं ‘याह रिबोन’ आज शाब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) जेवणावर घरोघरी म्हणतात.
एक मात्र सांगतो. वहीत शब्द असतात, चाल नसते. साकी-दिंडीची चाल वृत्तावरून बसवता येईल, पण बाकीची आपण लावलेली असेल. ते श्रोत्यांना आधी सांगा. नव्या चालीला जुनी म्हणू नका.

अश्दोदहून:
मला कीर्तन हवं, बोलणी नकोत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथे इस्राएलमधल्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) लग्नाच्या बाबतीत आमच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा १९६४ मध्ये क्नेसेटने, इथल्या संसदेने, आम्ही सर्वार्थाने ज्यू आहोत असा ठराव केला. त्या काळात माझ्या आईने मराठी गाणी दार लावून म्हटली. त्यामुळे व्यासपीठावर कुणी आम्हाला ‘तुम्ही आमचेच’ म्हटलं की अंगावर येतं. बुवांना बोलवायचं तर भाषणाला नको, टाळ धरायला बोलवा.

रोह्याची लेक:
हे मी कमिटीपुढे ठेवते. भाषणं काढू. बुवा टाळ धरतील, फादरही गातात. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग त्यांना पाठ आहेत. चालींचं आधी सांगू.
तेफिला, तुमचा दुसरा मुद्दा मला रात्रभर छळत होता. योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकलं आणि वर बसून जेवले. वहीत त्या जागी आजोबांनी समासात रेघ ओढली आहे. ती ओवी वाचताना मला ज्यूंना मारून टाकलेले ते खड्डे दिसले, लोक पाहत उभे होते तेही दिसलं. म्हणून हीच कथा. ब्रुंडिबार गायला आमच्याकडे मुलं नाहीत. भारतभरात आपण पाच हजारसुद्धा उरलो नाही, आणि कदिशला, मृतांसाठीच्या प्रार्थनेला, लागणारे दहा पुरुष जमवताना पनवेल-ठाण्याला फोन करावे लागतात.

तेफिला:
कथेचं मान्य. वाद्यांचं नाही. कदिश आत, दिवे विझेपर्यंत कुणी उठायचं नाही. कीर्तन बाहेर अंगणात, प्रार्थना पूर्ण संपल्यावर.

रोह्याची लेक:
अंगणात चालेल. पण दार उघडं ठेवू.

तेफिला:
ठेवा. दहात मला धरा. कीर्तनाला मी थांबणार नाही.