लाजाळू माणूस आणि माईक

लाजाळू माणसाला प्रसारणाच्या क्षेत्रात, त्यातही नामवंतांच्या मुलाखती घ्यायला जमेल का, हा इथला मूळ प्रश्न. माझ्या मते जमेल, आणि चांगलं जमेल. अमेरिकेतला टीव्ही निवेदक जॉनी कार्सनच बघा. १९६२ ते १९९२ अशी ३० वर्षं 'द टुनाइट शो' हा रात्रीचा गप्पा-मुलाखतींचा कार्यक्रम त्याने चालवला, पण कॅमेऱ्याबाहेर तो अबोल आणि बुजरा म्हणूनच ओळखला जायचा.

लाजाळू माणसाला धास्ती असते ती अनोळखी घोळक्यातल्या मोकळ्या गप्पांची. स्टुडिओत वेळ, विषय, खुर्ची सगळं ठरलेलं, प्रश्न आपल्या हातात. शिवाय प्रसिद्ध माणसांची उत्तरं पाठ झालेली असतात. ते उत्तर संपल्यावर दोन-तीन सेकंद नुसतं बघत राहिलं, की पाहुणा बरेचदा आपणहून पुढे बोलतो आणि खरी मुलाखत तिथे सुरू होते. बोलक्या निवेदकाला ती शांतता सोसवत नाही, तो लगेच पुढचा प्रश्न टाकतो!

अडचण येते ती पाहुण्याला थांबवताना. वेळ संपत आली तरी भिडेपोटी तोडवत नाही. अशा वेळी पाहुण्याने श्वास घेतला, की त्याचाच शेवटचा शब्द उचलून पुढचा प्रश्न जोडायचा. हे सरावानेच येतं, म्हणून थेट प्रक्षेपणाआधी ध्वनिमुद्रित कार्यक्रमांवर हात बसवून घ्यावा.